चौदा नंबरचं पुस्तक

तोरेसेका गावात बेकरी एकच, आणि ती ओरोसियाची. भाव वाढवला तरी लोक येणार, पाव करपला तरी येणार; पण एकेचाळीस वर्षांत तिनं या दोन्ही गोष्टी क्वचितच केल्या. नवरा गेल्यावर लाकडाची भट्टी तिनं एकटीनं सांभाळली. तोंडानं फटकळ, वजनाला पक्की, आणि खोटं बोलायच्या बाबतीत अगदीच कच्ची, असं तिच्याबद्दल गावाचं मत होतं. तिचं स्वतःचंही तेच मत होतं आणि त्याचा तिला थोडा अभिमानच होता.

बेकरीला रस्त्यावरून वर यायला तीन दगडी पायऱ्या आहेत. नात इसार्बे साडेचार वर्षांची झाली तेव्हा त्या पायऱ्या चढताना ती एका हातानं गुडघा दाबायला लागली. एक पायरी, गुडघ्यावर हात, मग दुसरी. ओरोसियानं ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं आठवडाभर स्वतःला सांगितलं. मग मुलीला, अरासेलीला, सारागोसाला फोन केला. अरासेली म्हणाली, "आई, मलाही दिसतंय ते." त्यापुढे दोन वर्षं डॉक्टर, सुया आणि दवाखान्यांच्या बाकड्यांवर गेली.

रोगाचं नाव सापडलं ते दोन ओळींचं होतं. गावात ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे 'पोरीचं ते' एवढंच म्हणत. हातापायांतली ताकद हळूहळू जाते, आधी पायांतली. स्पेनभर मिळून अशी एकोणीस घरं. औषध कंपन्या याच्याकडे बघत नाहीत, असं सारागोसाच्या डॉक्टरबाईंनी सरळच सांगितलं. एकोणीस गिऱ्हाइकांसाठी दुकान कोण उघडणार? हा मुद्दा ओरोसियाला पटकन कळला. एकशे साठ माणसांच्या गावात ती पावाचं दुकान चालवत होती, आणि शेजारच्या दोन गावांतल्या भट्ट्या तिच्या डोळ्यांदेखत थंड झाल्या होत्या.

या डॉक्टरबाईंची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक मोठा फ्रीझर आणि उंदरांचे पिंजरे. उंदरांमध्येही तोच दोष होता. एक औषध देऊन पाहिल्यावर ते उंदीर काठीवर जास्त दिवस चढत राहिले, आणि जगातल्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. हे उंदीर सांभाळणारी, त्यांना रोज टोचणारी, त्यांची काठीवरची मिनिटं मोजणारी लिदिया नावाची एक मुलगी होती. तिचा पगार एकोणीस घरांची मिळून जी संस्था होती, ती द्यायची. तो जूनपर्यंतच होता.

"आणखी एक वर्ष मिळालं तर निकाल छापून येईल. मग सरकारकडे मागता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

"आणि आमच्या पोरीला?" ओरोसियानं विचारलं होतं.

"तिला उपयोग होईल की तिच्यासाठी उशीर झालेला असेल, मला सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?"

ओरोसियाला ही बाई त्या दिवसापासून आवडायला लागली.

लिदियाचं एक वर्ष म्हणजे बत्तीस हजार युरो. गावानं बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं गोळा केली, पोतीच्या पोती. त्यांचे आले एकशे दहा युरो. केक विकून झाले, बारमध्ये गिन्योतेच्या पत्त्यांची स्पर्धा झाली. एवढं करूनही महिन्याचा पगार निघेना. तेव्हा संस्थेचा अध्यक्ष दामियान, जो कास्तेयोनला बस चालवायचा, तो म्हणाला, "ओरोसियाताई, आता नाताळची लॉटरी."

आमच्याकडे बँडपथकापासून फुटबॉलच्या टोळीपर्यंत सगळ्यांचा पैसा याच वाटेनं उभा राहतो. अख्खं तिकीट वीस युरोचं. संस्था एकाच नंबरची तिकिटं घेऊन बँकेत ठेवते आणि त्यांच्या वाटण्या चिठ्ठ्यांवर छापून विकते. चिठ्ठी पाच युरोला. त्यातले चार नशिबाचे, एक कामाचा. चिठ्ठीवर घेणाऱ्याचं नाव नसतं. ज्याच्या हातात चिठ्ठी त्याचं बक्षीस. तीन महिन्यांत कुणी मागायला आलं नाही तर ते संस्थेकडेच राहतं. हे चिठ्ठीच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

दान मागितलं की आमचा माणूस खिसे चाचपत आकाशाकडे बघतो. लॉटरी पुढे केली की मात्र नाही म्हणायची छाती होत नाही. उद्या लागली, आणि अख्ख्या गल्लीत आपणच तेवढे कोरडे राहिलो तर? ही भीती दयेपेक्षा जास्त कामाची आहे, आणि ओरोसियानं तिचा पुरेपूर वापर केला. नंबर शून्यानं सुरू होणारा आला. लोकांनी नाकं मुरडली, "हा कसला दळभद्री नंबर," म्हणाले, आणि घेतला. वीस-वीस चिठ्ठ्यांची तीस पुस्तकं होती. ऑक्टोबर संपेपर्यंत पंचवीस गेली.

नोव्हेंबरच्या एका दुपारी पोन्सियानो गास्कोन पाव घ्यायला आला. वय त्र्याऐंशी, घराचं टोपणनाव 'कुलूप'. पत्त्यांत हरला तर कॉफीचे पैसे देताना हा माणूस नाणं दोनदा चाचपायचा. चर्चच्या छपराची वर्गणी मागायला गेलेल्यांना त्यानं सांगितलं होतं, की पाऊस वरच्यानंच पाडलाय तर छपराचंही तोच बघेल.

"एका पुस्तकात किती असतात?" त्यानं विचारलं.

"वीस."

"दे एक."

"एक चिठ्ठी?"

"पुस्तक म्हटलं मी. कान गेले का तुझे?"

ओरोसियानं हातातला पाव खाली ठेवला. "काका, शंभर युरो होतात."

"पाढे येतात मला." त्यानं आतल्या खिशातून दोन पन्नासच्या नोटा काढल्या, इतक्या घड्या पडलेल्या, की त्या उलगडायला वेळ लागला. "लागायची असली तर नीट लागू दे. आणि हे बघ, कुणाजवळ बोलायचं नाही. नाहीतर उद्या छपरावाले पुन्हा दारात."

तिनं त्याला चौदा नंबरचं पुस्तक दिलं. पुस्तक कुणी घेतलं हे ती लिहून ठेवत नसे. तिला पाठ असायचं.

बावीस डिसेंबरला सकाळपासून शाळेची पोरं टीव्हीवर लॉटरीचे नंबर गाऊन काढत होती, दरवर्षीसारखी. पावणेबाराला ओरोसियाच्या हातात पिठाचं पातेलं होतं आणि टीव्हीवरच्या पोरीनं तो दळभद्री नंबर गाऊन दाखवला. पाचवं बक्षीस. एका चिठ्ठीला बाराशे युरो. ओरोसियानं पातेलं जमिनीवर ठेवलं आणि स्वतःही जमिनीवर बसली. पंधरा मिनिटांत अख्खं गाव तीन पायऱ्यांसमोर जमलं होतं. कुणीतरी बुचं उडवली, कुणी तिचे गाल चुंबले, टीव्हीचे लोक दुपारी येऊन गेले.

पहिल्या ग्लासाला सगळे म्हणाले, पोरीच्या कामाला यातले निम्मे. दुसऱ्या ग्लासाला निम्म्याचा पाव झाला. हातात पैसे येईपर्यंत कुणाचं छप्पर गळायला लागलं, कुणाचा ट्रॅक्टर जुना झाला, आणि बारमालक कॅनरी बेटांवर जाऊन आला. तरी लोकांनी दिलं, नाही असं नाही. ओरोसियानं स्वतःच्या तीन चिठ्ठ्यांचं सगळं दिलं. सगळं मिळून आठ हजारांवर थोडं जमलं. याचा राग आला का असं अरासेलीनं विचारलं तेव्हा ओरोसिया म्हणाली, "कशाचा राग? मी त्यांना लॉटरी विकली, दानाची शपथ नाही घातली."

आमच्या गावात बँक नाही. दर गुरुवारी बँकेची बस येते आणि दीड तास चौकात उभी राहते. लोक चिठ्ठ्या बेकरीत आणून द्यायचे, ओरोसिया त्या स्थळप्रतीशी जुळवायची आणि गुरुवारी बसमधून त्यांचे पैसे देववायची. जानेवारी संपता संपता सगळी पुस्तकं येऊन गेली. चौदा नंबरचं आलं नाही.

आधी तिला त्यात काही वाटलं नाही. पोन्सियानोला डिसेंबरमध्येच न्यूमोनिया झाला होता आणि मुलगा बिदाल त्याला सारागोसाला घेऊन गेला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला म्हातारा हट्टानं परत आला. अंगानं निम्मा झाला होता. पहिल्याच दिवशी त्यानं बारमालकाला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं हाक मारली. पत्त्यांत हुकूम विसरायला लागला. आणि लॉटरीचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "मी नाही घेतली. लॉटरी म्हणजे मूर्खांवरचा कर. तुमच्यासारख्यांच्या जिवावर सरकार चालतंय."

ओरोसिया बारमध्ये पावाची टोपली पोचवायला आली होती. तिनं ते ऐकलं. सगळे हसले, 'कुलूप ते कुलूप' म्हणाले. ती मात्र टोपली ठेवून तशीच उभी राहिली. म्हातारा विसरलाय, हे तिच्या लक्षात आलं. आणि दुसरी गोष्ट लक्षात यायलाही वेळ लागला नाही. वीस चिठ्ठ्यांचे चोवीस हजार. गावाचे आठ. लिदियाचं वर्ष.

मुदत संपत होती मार्चच्या बावीस तारखेला, शुक्रवारी.

पुढचे सहा आठवडे ओरोसिया वाईट झोपली. दिवसाही तिचं चित्त ठिकाणावर नसे. मीठ दोनदा पडायचं. ती स्वतःशी भांडत होती आणि दोन्ही बाजूंनी तीच हरत होती. त्याला आठवावं असंही तिला वाटायचं आणि आठवू नये असंही. एकदा पाव देताना तिनं धीर करून खडा टाकून पाहिला.

"काका, घरातले जुने कागद चाळत जा कधीतरी."

"कागदांचं काय करू? तुझी भट्टी पेटवू?" पोन्सियानो म्हणाला आणि पाव काखेत मारून निघून गेला.

घरी येऊन तिनं स्वतःला सांगितलं की झालं, मी सूचना दिली. अर्ध्या तासात तिला स्वतःची लाज वाटली.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अरासेली आणि इसार्बे आल्या. आता आठ वर्षांची झालेली इसार्बे भट्टीसमोरच्या खुर्चीत बसून कणकेचे साप करत होती. तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ओरोसियानं मुलीला सगळं सांगितलं.

"नाही सांगायचं," अरासेली लगेच म्हणाली.

"अगं पण त्याचे आहेत ते."

"त्याचे? तो म्हातारा खर्च करणार आहे? बिदाल घेणार सगळे. त्याची बायको तर सासऱ्याचं पेन्शनसुद्धा मोजून घेते. आई, तू चोरी करत नाहीयेस. तू फक्त गप्प बसणार आहेस."

"मला नाही जमत तसं."

"शिक. बारा दिवस आहेत. लोक अख्खा जन्म गप्प बसतात."

"आजी," इसार्बेनं हाक मारली, "याचं डोकं पडलं." ओरोसियानं जाऊन सापाला नवं डोकं लावून दिलं. पोरीच्या बोटांत कणीक दाबायचाही जोर आता कमी झाला होता.

दामियानचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. "चौदा नंबर आलं का, ताई?" "नाही." "कुणाचं आहे माहीत आहे का?" यावर ओरोसिया एकदा म्हणाली, "पाव जळतोय, ठेवते." तो समजूतदार माणूस होता, कुणाचं ते त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की तेवीस तारखेला मी डॉक्टरबाईंना हो कळवतो, लिदिया वाट बघतेय, तिला जर्मनीहून एक नोकरी आलीय.

गुरुवारी, एकवीस तारखेला, बँकेची बस साडेअकराला चौकात आली. तिच्या हॉर्नचा आवाज ऐकला आणि ओरोसियानं अंगावरचा अप्रन सोडला. आदल्या दोन दिवसांत ती पोन्सियानोच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आली होती. आता हातात पाव घेतला, म्हणजे काही विचारलं तर पाव द्यायला आले म्हणता येईल.

दार सुनेनं उघडलं, मेर्चेनं. संत होसेच्या सणाला आलेले बिदाल आणि मेर्चे अजून गेले नव्हते. वृद्धाश्रमाचे कागद टेबलावर पसरले होते. पोन्सियानो खिडकीशी बसला होता. ओरोसियाला खरं तर त्यांना बघून बरं वाटलं. म्हाताऱ्याला एकट्याला सांगितलं असतं तर त्याला कळलंही नसतं, असं तिला वाटलं. चार माणसांत सांगितलेलं बरं. इथं ती चुकली. पण माप टाकणारी बाई ती. तिला साक्षीदार लागायचे.

"काका, तुमच्याकडे लॉटरीचं एक पुस्तक आहे. चौदा नंबरचं. त्याला चोवीस हजार लागलेत आणि उद्या मुदत संपतेय."

मेर्चेनं हातातली बशी खाली ठेवली. बिदाल उठून उभा राहिला. "बाबा?"

"मी नाही घेतली," पोन्सियानो म्हणाला.

"घेतलीत, काका. मी स्वतः दिलं. तुम्ही दोन पन्नासच्या नोटा दिल्यात."

"मी लॉटरी घेत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे."

"विसरलेत ते," ओरोसिया बिदालला म्हणाली, हळू आवाजात, आजाऱ्यासमोर बोलतात तशी. "शोधा तुम्ही. इथंच कुठंतरी असेल."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याची नजर विसरलेल्या माणसाची नव्हती. तिला काहीतरी खटकलं, पण तोवर मेर्चेनं कपाटं उघडली होती. वीज-पाण्याच्या पावत्यांच्या निळ्या डब्यात, सगळ्यांत तळाशी, रबर बँड लावलेलं पुस्तक निघालं. एकही चिठ्ठी फाडलेली नव्हती. बिदाल ते घेऊन पायांत घरातल्या सपाता असतानाच चौकाकडे पळाला, मेर्चे त्याच्या मागे.

ओरोसियाही निघाली. ती दारात पोचली तेव्हा मागून पोन्सियानो बोलला.

"एक दिवस, ओरोसिया."

ती वळली.

"एक दिवस तुला तोंड बंद ठेवता आलं नाही. दीड महिना मी वेड्याचं सोंग काढलं. त्या पोरांसमोर पत्ते चुकवले मी, पत्ते! हरलो त्या गाढवांशी."

ती उंबऱ्याशी उभी राहिली. पाव अजून तिच्या हातातच होता.

"मग... मग आता सांगा ना त्यांना, काका. की तुम्हाला ते पोरीसाठी..."

"कुणाला सांगू? ते कागद बघ टेबलावर. मी आता चोवीस हजार कुणाला देतो म्हटलं, तर उद्या बिदाल मला डॉक्टरसमोर उभं करेल. म्हाताऱ्याचं डोकं गेलं म्हणून लिहून घेईल आणि घरसुद्धा जाईल. माहीत नसलेले पैसे द्यायला कुणाची सही लागत नाही. ते आपोआप जात होते." त्यानं खिडकीकडे तोंड केलं. "पाव ठेव आणि जा."

आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. ओरोसियानं ती भर दिवसा, साक्षीदार बोलावून उघडली होती.

गावात हे कुणाला कळलं नाही. कळलं ते एवढंच की बेकरीवाल्या ओरोसियानं म्हाताऱ्याचे चोवीस हजार वाचवले. लोकांनी तिचं कौतुक केलं. हे कौतुक ऐकून घेणं तिला फार जड गेलं. दामियान फोनवर म्हणाला, "तुम्ही बरोबर केलंत, ताई," अशा आवाजात, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. अरासेली तीन आठवडे आईशी बोलली नाही. बिदालनं बेकरीत येऊन संस्थेसाठी पन्नास युरो दिले आणि करात सूट मिळते म्हणून पावती मागून घेतली. ओरोसियानं पावती फाडून दिली, खाली सही केली, आणि तो गेल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन रडली. तिला बिदालचा राग आला नव्हता. स्वतःचाही नेमका नाही. तिला वाटत होतं की पुन्हा तीच वेळ आली तर आपण पुन्हा तेच करू, आणि याचंच तिला रडू येत होतं.

जूनमध्ये लिदिया जर्मनीला गेली. डॉक्टरबाईंनी अर्धे उंदीर दुसऱ्या प्रयोगशाळेला दिले, बाकीच्यांचे नमुने फ्रीझरमध्ये ठेवले. काम बंद पडलं नाही, असं त्यांनी पत्रात लिहिलं, फक्त थांबलं आहे. सप्टेंबरमध्ये इसार्बेला चाकांची खुर्ची आली. निळी होती, रंग तिनं निवडला होता. बेकरीच्या तीन पायऱ्यांवर ओरोसियानं गवंड्याकडून सिमेंटचा उतार करून घेतला. पायऱ्या एका बाजूला तशाच राहिल्या.

पोन्सियानो वृद्धाश्रमात गेला नाही. सह्या करायच्या दिवशी तो गिन्योतेत बारमधल्या चौघांना ओळीनं हरवत बसला होता आणि बिदालला म्हणाला, डोकं गेलेल्या माणसाला एवढं जमतं का विचार तुझ्या डॉक्टरला. पाव तो ओरोसियाकडूनच घेत राहिला, दुसरी बेकरी होतीच कुठे. पण मार्चपासून तिच्याशी बोलला नव्हता. नाणी ठेवायची, पाव उचलायचा, चालू पडायचं.

नोव्हेंबरात नवी पुस्तकं आली. या वेळी नंबर चांगला होता, शेवटी सात. पण एकदा लागलेलं गाव पुन्हा लागत नाही अशी लोकांची समजूत, त्यामुळे विक्री रडतखडत चालली होती. एका सकाळी पाव भट्टीतून काढून झाले होते आणि ओरोसिया निखारे एका बाजूला सारत होती, तेव्हा पोन्सियानो काठी टेकत आला. उतारावरून नाही, पायऱ्यांवरून. वर यायला त्याला वेळ लागला.

"एक पुस्तक," तो म्हणाला. आठ महिन्यांनी.

तिनं दिलं. त्यानं पैसे ठेवले, या वेळीही घड्या पडलेल्या नोटा. मग काउंटरच्या आत आला, जिथं आजवर कुणी गिऱ्हाईक आलं नव्हतं. तिच्या हातातला लांब आकडा घेऊन भट्टीचं लोखंडी दार ओढलं आणि पुस्तक आत टाकलं. निखाऱ्यांवर ते क्षणभर तसंच पडून राहिलं, मग कडेनं पेटलं. दोघं ते पुरतं जळेपर्यंत बघत उभे राहिले.

"आता जा," पोन्सियानो म्हणाला, "सांग बिदालला."

लागलंच बक्षीस तर ते आता मागायला येणारं कुणी नव्हतं.

"आमची कोन्सुएलो," तो म्हणाला, भट्टीकडेच बघत. "माझी धाकटी बहीण. तुझ्या सासूच्या वेळची गोष्ट. मला आई पावाला पाठवायची आणि ही मागे लागायची. या तीन पायऱ्या ती गुडघ्यावर हात दाबून चढायची. एक पायरी, हात. एक पायरी, हात. मी वर उभा राहून ओरडायचो, चल गं, किती नाटकं करशील. डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे, हिला लिव्हर खायला घाला. सात वर्षांची होऊन गेली." त्यानं आकडा भिंतीला टेकवून ठेवला. "तुझी नात चढताना पाहिली तेव्हा मला कळलं की ती नाटकं करत नव्हती."

"काका, मार्चमध्ये मी..."

"तू मापाची बाई आहेस. त्याला काय करणार? पाव दे. तो करपलेला नको, तो दुसरा."

तिनं त्याला दुसरा दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यानं नाणी काउंटरवर ठेवलीच, दोनदा चाचपून.

बावीस डिसेंबरला त्या नंबरला काही लागलं नाही. चिठ्ठीचे पैसेसुद्धा परत आले नाहीत. जळालेल्या पुस्तकातून संस्थेला मिळाले ते एका चिठ्ठीमागे एक, असे वीस युरो. जानेवारीत दामियाननं ओरोसियाकडे देणगीदारांची नावं मागितली, वर्षअखेरच्या पत्रकात छापायला. चिठ्ठ्यांच्या पैशांना आमच्याकडे पावती नसते. तरी ओरोसियानं पावतीपुस्तक उघडलं, वीस युरो लिहिले, आणि नावाच्या जागी, सावकाश, स्वच्छ अक्षरात लिहिलं: कोन्सुएलो गास्कोन, वय सात.

ही कोण, असं दामियाननं फोनवर विचारलं. ओरोसिया म्हणाली, विसावं घर.